तुमचं डावं, माझं डावं

“हलू नकोस,” मापारी म्हणाले.

“मी नाही हलत. पाणी हलतंय.”

मापारी बोटीच्या डेकवर पालथे पडून पाणसळीत पाहत होते. नळीतला बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या मधोमध येई, इथेच राहावं की काय असा विचार केल्यासारखा थबके आणि पुन्हा एका अंगाला सरके. बाई डेकच्या मध्यावर ठेवलेल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी छोट्या चाकगाडीवर प्राणवायूचा सिलेंडर होता आणि त्यातून निघालेली पारदर्शक नळी कानांवरून त्यांच्या नाकाशी आली होती. समोर तळं होतं, असं मानायला पुरेशी जागा होती; प्रत्यक्षात दिसत होतं ते धुकं. पलीकडचा काठ अजून तयार व्हायचा होता.

“काय म्हणतो बुडबुडा?”

“मधे आहे. जवळजवळ.”

“आणि त्या दुसऱ्या बोटीवर काय म्हणत होता?”

“तेच. जवळजवळ.”

“म्हणजे दोघी सारख्या.”

“सारख्या नाहीत.” मापारी उठून गुडघे झटकू लागले. “फरक असणारच. पण तो माझ्या मोजण्यातल्या चुकीपेक्षा लहान आहे. असून नसल्यासारखा.”

“अख्खं आयुष्य या एका वाक्यावर काढलंत तुम्ही.”

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. मापारी हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापांच्या कचेरीत ते नोकरीला होते आणि दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडणं हे त्यांचं काम होतं, म्हणून लोकांनी त्यांना हे नाव दिलं आणि पुढे पत्रंसुद्धा त्याच नावाने येऊ लागली. त्यांच्याजवळ एक लाकडी पेटी असे. तिच्यात मखमलीच्या खाचांमध्ये प्रमाण वजनं बसवलेली असत. ती हाताने उचलायची नाहीत, चिमट्याने उचलायची, कारण बोटांचा घाम हेही एक वजन आहे. या शिस्तीमुळे त्यांना कोणतीही वस्तू जराशी लांबूनच धरायची सवय लागली. लग्नानंतर सुरुवातीला त्यांनी आपला हातही तसाच धरला होता, हे बाई चारचौघांत रंगवून सांगत आणि मापारी ते नाकारत नसत. पुन्हा मोजल्यावर जे पुन्हा तेवढंच भरतं तेवढ्यावर त्यांचा विश्वास होता. बाकी गोष्टींशी त्यांचं भांडण नव्हतं. फक्त ओळख नव्हती.

बाई सार्वजनिक तरणतलावावर पोहायला शिकवत. शहरातली निम्मी माणसं त्यांच्यामुळे तरंगत होती. कमरेइतक्या पाण्यात त्या मुलांकडे तोंड करून उभ्या राहत आणि हात मारायला शिकवत. समोरचं मूल आरशातल्यासारखी नक्कल करतं, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. तेव्हा मुलांचा डावा हात वर यावा म्हणून त्या आपला उजवा हात वर करीत आणि ओरडत, “डावा!” पिढ्यान् पिढ्या हेच केल्यावर तो शब्द त्यांच्या शरीरापासून सुटून समोरच्याच्या शरीराला जाऊन चिकटला. घरी त्या “डाव्या खणात बघा” म्हणाल्या की वस्तू उजव्या खणात सापडे. मापारी आधी वैतागले आणि मग त्यांनी कचेरीतला नियम घरी लागू केला. एखाद्या काट्यात कायमची ठरावीक चूक असेल तर काटा टाकून देत नाहीत, ती चूक वजा करतात. बाई डावं म्हणाल्या की त्यांचे पाय आपोआप उजवीकडे वळू लागले. फारच महत्त्वाचं काम असेल तेव्हा ते विचारत, “तुझं डावं की माझं डावं?” आणि बाई म्हणत, “तुमचं डावं, माझं डावं, खण तर दोनच आहेत ना, दोन्ही उघडा.”

गेल्या वर्षापासून बाईंची फुप्फुसं कडक होत चालली होती. मऊ स्पंजाचा हळूहळू जुना साबण व्हावा तशी, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दर खेपेला ते बाईंना एका नळीत फुंकायला लावत आणि आकडा पाहून मान हलवत. तो आकडा मापारींनाही कळत असे. तो पुन्हा मोजून बदलण्यातला नव्हता. पाण्यात उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा बाईंनी विचारलं, “आणि पाण्यावर?”

त्यातून पाँटून बोटीचा विचार निघाला. साध्या नावेला काठ असतो, तो ओलांडावा लागतो. आणि पाय ठेवताच ती कलते. पाँटून बोट म्हणजे दोन लांब, पोकळ, बंद नळ्या आणि त्यांवर पक्का बसवलेला सपाट डेक. धक्क्याला लावली की चाकगाडी सरळ डेकवर ढकलता येते. बाईंनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, “हा तर ओटा आहे. पाण्यावरचा ओटा.” तेव्हापासून घरात तिचं नाव ओटाच पडलं.

दूर राहणाऱ्या मुलीने फोनवर विचारलं, “बाबा, आई म्हणेल काहीही. तुमचं डोकं कुठे गेलंय?”

“जागेवर आहे. तपासून पाहिलं.”

“आणि मधेच तिला काही झालं तर?”

“घरीही मधेच होऊ शकतं. इथे निदान ती भिंतीकडे बघत नसेल.”

मुलगी म्हणाली, “शाल घ्या बरोबर. तिकडे गारठा असेल.”

तळ्याकाठी ज्याची शेड होती तो वेल्डर बाईंचाच विद्यार्थी होता. आता त्याच्या डोक्यावरचे केस गेले होते आणि पोट पुढे आलं होतं, तरी बाईंच्या लेखी तो पाण्यात डोकं घालायला नकार देणारा मुलगाच होता. एका हॉटेलसाठी त्याने एकाच आराखड्यावरून, एकाच मालाच्या पत्र्यातून, एकीमागून एक अशा दोन बोटी बनवल्या होत्या. हॉटेलचा विचार बदलला. आता एक बोट पाणीखातं घेणार होतं, तळ्यातल्या पाण्याचे नमुने काढायला.

“तुम्ही घ्याल ती तुमची, साहेब, उरेल ती त्यांची,” वेल्डर म्हणाला होता. “त्यांना काय, बाटल्या ठेवायला जागा पाहिजे. फक्त आज काय ते ठरवा. दुपारी त्यांचा ट्रक येतोय.”

सकाळी त्या दोघांना पाहताच त्याने वेल्डिंगचा पेटता टॉर्च विझवला आणि काच असलेला मुखवटा कपाळावर सरकवला. बाईंच्या सिलेंडरजवळ ठिणगी नको, हे मापारींनी फोनवर बजावलं होतं. पण सांगायची गरज नव्हती.

“बाई, तुमचा आणि माझा गॅस एकच,” तो म्हणाला.

“तुझा पेटतो तरी. माझा नुसता फुसफुसतो.” बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. “डोकं घालतोस का रे आता पाण्यात?”

“अंघोळीला घालतो, बाई.”

“तेवढं पुरे नाही.”

दोन्ही बोटी नाकं काठाला टेकवून शेजारी शेजारी बांधलेल्या होत्या. वारा नव्हता. पाण्यात त्यांची प्रतिबिंबं इतकी स्वच्छ होती की बोटी चार आहेत आणि त्यांतल्या दोन उलट्या आहेत, असंही कोणी म्हणू शकलं असतं. मापारींनी दोन्हींची लांबी मोजली, नळ्या पाण्यात किती बुडतात ते मोजलं, पाणसळ ठेवली, कान लावून नळ्या ठोकून पाहिल्या. प्रत्येक वेळी फरक आला आणि पुन्हा मोजल्यावर तो गेला किंवा उलटा झाला. एरवी अशा वेळी ते म्हणाले असते, कोणतीही घ्या. पण आज त्यांना ते म्हणवेना. बाईंच्या आजारात त्यांना बिनचूक करता येण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ही एक गोष्ट मात्र समोर धक्क्याला बांधलेली होती.

“नाणं उडवू या,” शेवटी ते म्हणाले. “शास्त्राला धरून तेच होईल.”

“नवरा ठरवताना नाही उडवलं नाणं.”

“कशावरून ठरवलास, हेही कधी सांगितलं नाहीस.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून नकळत गेलं. त्यांच्या संसारात एक जुना फोटो होता. म्हणजे फोटो केव्हाच हरवला होता, पण त्यातलं कोडं शिल्लक होतं. लग्नाआधी बाईंच्या वडिलांच्या एका स्नेह्याने वजनमापांच्या कचेरीतल्या लोकांचा फोटो आणला होता. मागच्या रांगेत दोन्ही टोकांना एकेक अविवाहित कारकून उभा होता. दोघे सारखेच किडकिडीत, सारखीच मिशी. वडिलांनी विचारलं, कोणता? मुलगी म्हणाली, “डावीकडचा.” फोटो पाहणाऱ्याच्या डावीकडे मापारी होते, म्हणून लग्न मापारींशी झालं. मुलीच्या डाव्या-उजव्याची गंमत मापारींना लग्नानंतर कळली. ती त्या वेळीही तलावावर शिकवत होती, हेही कळलं. तो दुसरा कारकून पुढे बदली होऊन गेला आणि फार सज्जन म्हणून नावाजला गेला, ही गोष्ट अधिक त्रासदायक होती. मापारींनी जगातले सगळे काटे तपासले, हा एक सोडून. ज्याचा ताळा कशाशीच पाहता येत नाही असा प्रश्न विचारण्यात त्यांना अर्थ वाटत नसे. किंवा तसं ते स्वतःला सांगत.

बाईंनी ते वाक्य ऐकलं नसावं. त्या दोन्ही बोटींकडे पाहत होत्या.

“मी दोघींवर थोडी थोडी झोपून बघते,” त्या म्हणाल्या.

“त्याने काय कळणार?”

“झोप कशी लागते ते.”

“ते तुझ्या झोपेचं मोजमाप झालं. बोटीचं नाही.”

“मला बोट झोपायलाच हवीय.”

मापारींनी बाईंच्या अंगावर शाल घातली आणि दोर हातात धरून ते धक्क्याच्या टोकाला बसले. बाईंचा डोळा लगेच लागला. नळ्यांच्या खालून पाणी काहीतरी पुटपुटत होतं, वाक्य पूर्ण न करता. धुकं इतकं जवळ आलं की दोराचं पलीकडचं टोक दिसेना. आपण कशाला धरून बसलो आहोत हे मापारींना फक्त हाताला लागणाऱ्या हलक्या ओढीवरून कळत होतं. ती ओढ बाईंच्या श्वासाबरोबर वाढते आणि कमी होते, असं त्यांना वाटलं. हे शक्य नव्हतं. तरी ते बराच वेळ ती ओढ चाचपत राहिले.

मग त्यांनी आणि वेल्डरने बाईंना अर्धवट झोपेतच दुसऱ्या बोटीवर नेलं, आणि तिथेही त्या झोपल्या.

ऊन पडल्यावर त्यांना काठावर आणलं. त्या डोळे मिटूनच बोलू लागल्या, थांबत थांबत.

“स्वप्न पडलं. खाली सगळी पोरं होती. मी शिकवलेली. मोठी झालेली, कामावर जायच्या कपड्यांत. डॉक्टरही होते. हा वेल्डरही होता, डोकं पाण्यात घालून. ओट्याखालून ओळीने पोहत चालली होती. वर कुणी येतच नव्हतं श्वास घ्यायला.”

“घाबरलीस?”

“नाही हो. सगळ्यांचा श्वास मी धरून बसले होते वर.” त्या थांबल्या. “स्वप्न पडलं ती बोट घ्या.”

“कोणती?”

“डावीकडची.”

स्वप्नाला बोट कारण होऊ शकत नाही, हे मापारींच्या ओठांवर आलं होतं. पण बाईंचा एकेक शब्द हवेच्या हिशेबात पडत होता आणि दम लागलेला दिसत होता. त्यांना आणखी बोलायला लावायला नको. शिवाय वळणावर पाणीखात्याच्या ट्रकचा आवाज येऊ लागला होता. मापारी शेडकडे गेले. जाताना, दर वेळेप्रमाणे, त्यांच्या मनातली वजाबाकी आपोआप झाली.

“बाई म्हणतात, उजवी,” त्यांनी सांगितलं.

“उजवी?” वेल्डरने मुखवट्याआडून विचारलं.

“उजवी.”

“बरं.”

परतीच्या रस्त्यावर बाईंनी डोळे उघडले. “आज मी नीट सांगितलं हं. खरं डावं. एवढ्या मोठ्या कामात घोटाळा नको म्हणून आधी हात हलवून बघितला, मग बोलले.”

मापारींनी गाडी कडेला घेतली.

“काय झालं?”

“काही नाही. काच पुसतो.”

त्यांनी पुसण्यासारखं काही नसलेली काच पुसली आणि जरा लांब जाऊन वेल्डरला फोन लावला. उरलेली बोट गेली का? गेली, साहेब, केव्हाच. कोणती गेली हे मापारींनी विचारलं नाही. ते त्यांना ठाऊक होतं. पाणीखात्याला काय सांगायचं? तुमची बोट आमच्या बोटीसारखीच आहे, तेव्हा कृपया बदलून द्या, कारण आमच्या मंडळींना तीवर स्वप्न पडलं होतं. नोकरीत असताना असं कोणी त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला आधी बसायला खुर्ची दिली असती.

त्या ऋतूत ते दोघे रोज सकाळी तळ्यावर गेले. बोट आता एकटीच धक्क्याच्या मधोमध बांधलेली असे. मापारी छोटी मोटार चालवून बोट मधोमध नेत आणि मोटार बंद करीत. मग काही करायचं नसे. धुकं असेल तेव्हा वर-खाली असा भेद राहत नसे. एका पांढऱ्या गोष्टीच्या आत ओटा स्थिर होता आणि त्यावर दोन खुर्च्या. बाई झोपत, जागत, कधी पाण्याला हात लावायचा म्हणून कडेला सरकत; मग मापारी दुसऱ्या कडेला सरकून बसत. पाणसळ डेकच्या मधे ठेवलेली असे. दोघे नीट बसले की बुडबुडा मधे येई.

अधूनमधून धुक्यातून दुसरी बोट येई. तीच लांबी, तोच डेक, तशाच नळ्या. तिच्यावर पाणीखात्याची एक बाई बाटल्यांना दोऱ्या बांधून पाण्यात सोडत असे. तीही बाईंच्याच हाताखाली तलावावर शिकलेली. ती हात वर करी, बाई हात वर करीत, आणि ती बोट पुन्हा धुक्यात शिरे. मापारी त्या वेळी मोटारीशी काहीतरी खटपट करीत असत. त्या दुसऱ्या बोटीकडे त्यांना पाहवत नसे. ज्या सकाळी ती येत नसे ती सकाळ त्यांना बरी जाई.

एकदा ती नेहमीपेक्षा जवळून गेली. तिच्या लाटा ओट्याखाली येऊन पोहोचल्या आणि बुडबुडा दोन्हीकडे पळू लागला.

“ही ती नाही,” मापारी म्हणाले.

“कोण?”

“बोट. तू डावी म्हणालीस, मी सवयीने उलटं केलं आणि उजवी सांगितली. तुझी ती. आत्ता गेली ती.”

बाई हसू लागल्या. हसणं त्यांना महाग पडत असे, म्हणून फक्त खांदे हलले.

“म्हणजे माझी स्वप्नं तिकडे पडतायत. त्या पोरीला. बाटल्यांत भरून नेत असेल.”

“रागावली नाहीस?”

“तपासायला पाठवत असेल. अहवाल काय येतो कोण जाणे.”

मापारींनी पाणसळ उचलली, पुन्हा तिथेच ठेवली. “आणि फोटोतला?”

“कुठला फोटो?”

“आमच्या कचेरीचा. तुझ्या वडिलांनी दाखवलेला. तेव्हा डावीकडचा म्हणालीस, ते कुणाचं डावं?”

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. “इतकी वर्षं हे पोटात घेऊन हिंडताय?”

“विचारून उपयोग नव्हता. पडताळा नाही.”

“अहो, मला काही दिसलंच नव्हतं. तलावावरून नुकती आले होते. पाण्यात औषध जास्त पडलं होतं त्या दिवशी, डोळे नुसते चुरचुरत होते. मागच्या रांगेत दोन मिशा आहेत, एवढं कळलं.”

“मग डावीकडचा का म्हणालीस?”

“बाबा फोटो धरून उभे होते. मला भूक लागली होती. काहीतरी म्हणायला हवं होतं.”

“म्हणजे तू निवडलंच नाहीस.”

“तेव्हा नाही.”

“मग केव्हा?”

“तारीख हवी तुम्हाला?” बाईंनी श्वास घेतला, तो पुरला नाही, दुसरा घेतला. “एकदम नाही हो कळत असलं. थोडं थोडं. आता मला बोलायला लावू नका.”

आणि त्यांनी डोळे मिटले. मापारी आपल्या कडेला बसून राहिले. उत्तर मोघम होतं. त्याला एकक नव्हतं, आणि सुरुवात कुठे झाली तेही त्यात नव्हतं. तरी ते त्यांनी मनात पुन्हा ठेवून पाहिलं तेव्हा तेवढंच भरलं.

जाग आल्यावर बाई म्हणाल्या, “पुन्हा आली होती.”

“कोण?”

“पोरं. खालून. तशीच ओळीने.”

मापारींचा जीव भांड्यात पडला. चुकीच्या बोटीवरही तेच स्वप्न पडलं. अर्थात बोटीचा स्वप्नाशी संबंध नव्हता, अर्थात चुकीची अशी बोटच नव्हती. एवढा सरळ निष्कर्ष त्यांच्या वाट्याला क्वचितच आला होता. घरी जाताना ते रस्ताभर काहीतरी गुणगुणत होते आणि बाईंनी ते त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

थंडी ओसरायच्या सुमारास बाई गेल्या. घरीच गेल्या, सकाळी. खिडकीबाहेर धुकं होतं आणि त्या दिवशी तळ्यावर जायचं राहिलं होतं. मुलगी आली, राहिली, जाताना म्हणाली, “बाबा, बोटीचं काय करायचं?” मापारी म्हणाले, “बघू.”

मग एका सकाळी ते तळ्यावर गेले. वेल्डर धक्क्यावर उकिडवा बसून बोटीच्या नळ्यांवरचं शेवाळ खरवडत होता. त्याने उठून हात पुसले.

“काढून ठेवायची का, साहेब, पाण्यातून?”

“राहू दे.”

“मीही तेच म्हणणार होतो. बाईंनी स्वतः निवडलेली आहे.”

“ही त्यांनी निवडलेली नव्हे,” मापारी म्हणाले. आता सांगायला हरकत नव्हती. “त्यांनी डावी सांगितली होती. मी तुला चुकून उजवी म्हणालो.”

“असं कसं? तुम्ही म्हणालात, बाई म्हणतात उजवी.”

“हो.”

“बाईंची उजवी म्हणजे आपली डावी.” वेल्डरने अगदी शिकवल्यासारखं सांगितलं. “मी डावीच ठेवली तुमच्यासाठी. त्या डाव्या-उजव्यापायी सबंध उन्हाळा नाकातोंडात पाणी जात होतं माझ्या, साहेब. ते कोण विसरेल?”

मापारींनी बोटीकडे पाहिलं.

“काही चुकलं का माझं?”

“नाही,” ते म्हणाले. “तुझं बरोबर आहे.”

वेल्डरने बाईंची चाकगाडी चढवायच्या सवयीने डेकजवळचा दोर ओढून धरला. मापारी बोटीवर चढले आणि मोटार सुरू करून मधोमध गेले. धुकं विरळ होतं, पण होतं. मोटार बंद केल्यावर नळ्यांखालचं पाणी पूर्वीप्रमाणेच अर्ध्या वाक्यापासून सुरू झालं.

हिशेब अवघड नव्हता. बाईंनी या वेळी बरोबर सांगितलं होतं. त्यांनी ते उलटं केलं, वेल्डरने उलट्याचं उलटं केलं. दोन चुका एकमेकींना भिडून नाहीशा झाल्या आणि बाई अखेरपर्यंत स्वतः मागितलेल्या बोटीवरच बसल्या होत्या. ही बातमी सांगण्यासारखी होती. ऐकून बाईंचे खांदे हलले असते. पण त्याबरोबर मापारींचा तो सुंदर निष्कर्षही निकालात निघाला होता. स्वप्न दोनदा पडलं, आणि दोन्ही वेळा याच बोटीवर. यातून काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांना माहीत होतं. काहीच असिद्धही होत नाही, हे आज प्रथमच त्यांना पुरतं उमगलं.

ते आपल्या खुर्चीतून उठले आणि बाईंच्या खुर्चीत जाऊन बसले. पाणसळीतला बुडबुडा एका अंगाला गेला आणि तिथेच राहिला. दुसरी खुर्ची सरकवली असती, डबा किंवा दोराचं वेटोळं पलीकडे ठेवलं असतं, तर तो मधे आला असता. मापारींनी डोळे मिटले. स्वप्न पडलं नाही. झोपही लागली नाही. फक्त आपण श्वास धरून बसलो आहोत, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं आणि त्यांनी तो सोडला.

मोटारीचा आवाज आला. धुक्यातून दुसरी बोट निघाली, इतकी सारखी, की ते स्वतःच कुठूनतरी परत येत असावेत असं त्यांना क्षणभर वाटलं. बाटल्यांच्या मधे उभी असलेली पाणीखात्याची बाई थबकली. तिने एक खुर्ची रिकामी पाहिली आणि मोटारीचा वेग कमी केला, लाटा लागू नयेत म्हणून. मग तिने हात वर केला.

मापारी या वेळी मोटारीकडे वळले नाहीत. त्यांनीही हात वर केला. डावा की उजवा, हे त्यांनी पाहिलं नाही. ती बोट धुक्यात पुरती विरघळून जाईपर्यंत तो तसाच वर होता.